‘मशीनवर’ गेलेला माणूस

मागच्या महिन्यात चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. (डायबेटिसवाल्याने साखरपुड्याला जाणं यावरचा विनोद आमच्याकडे सर्वांचा करून झालाय, तेव्हा तो कृपया करू नये.) जेवायला बसलो तर आत्या शेजारी येऊन बसली. तिची नजर माझ्या कमरेला. शर्टाखालून नळीचा इंचभर तुकडा डोकावत होता. इकडे तिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "अरे, मशीनवर गेलास म्हणे?"

मराठीत माणूस ‘मशीनवर’ जातो म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढचं वाक्य "आता देवाच्या हाती" असंच असतं. मी म्हटलं, "हो आत्या, गेल्या वर्षीच." त्यावर ती, "म्हणजे इतकं वाढलं का रे? इंजेक्शननं भागेना?"

माझ्या ताटात त्या वेळी श्रीखंड होतं, आणि आदल्याच रविवारी मी राजगड चढून आलो होतो. पण आत्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, म्हणून वाद घातला नाही. ती राहिलेली वादावादी आज इथे करतो, कारण आत्याचा गैरसमज एकट्या आत्याचा नाही. डॉक्टर, विमा कंपन्या, हापिसातले एचआर आणि पंप वापरणारेसुद्धा थोड्याफार फरकाने तोच गैरसमज घेऊन फिरतात. तो असा, की इन्सुलिन पंप म्हणजे शेवटची पायरी; बाकी सगळं फसलं, माणूस फारच आजारी झाला, की लावायची गोष्ट. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. जो माणूस धावतो, पोहतो, डोंगर चढतो, ज्याचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो, त्याच्यासाठी पंपाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

आधी थोडी ओळख. मला टाइप १ आहे. म्हणजे माझ्या प्रतिकारशक्तीने माझ्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या. गोड खाण्याशी, वजनाशी, आळसाशी याचा संबंध नाही. कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांनीही काही होत नाही. (पाठवणाऱ्यांनी प्रेमाने पाठवलंय, माहितेय. पण तीन डबे झाले आता.) बाहेरून इन्सुलिन घेतलं नाही तर मी जगत नाही, इतका सरळ मामला. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी माझ्यासारख्यांना उपायच नव्हता.

पेनवर असताना रोज किमान चार टोचण्या व्हायच्या. जेवणागणिक एक, जलद काम करणाऱ्या इन्सुलिनची. आणि रात्री एक, २४ तास पुरणाऱ्या संथ इन्सुलिनची. ही रात्रीची टोचणी म्हणजे पाया, इंग्रजीत ‘बेसल’. उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं, तिला सांभाळायला हा पाया लागतो.

आता आयटीतल्या मंडळींनी जरा लक्ष द्यावं. रात्री १० वाजता तुम्ही प्रॉडक्शनवर कोड टाकलाय. तो पुढचे २४ तास चालणार. मध्ये बंद करता येत नाही, हळू करता येत नाही, रोलबॅक नाही. उद्या ट्रॅफिक किती येईल हे तुम्हाला आजच ठरवायचंय. असं डिझाइन घेऊन कोणी रिव्ह्यूला आलं, तर तुम्ही त्याचं काय कराल? मी हे डिझाइन दहा वर्षं अंगात घेऊन जगलो.

सोमवार ते शुक्रवार फारसं बिघडत नाही. दहा तास खुर्चीत, हालचाल म्हणजे कॉफी मशीनपर्यंत. लोच्या वीकांताला होतो. दोन वर्षांपूर्वीचा शनिवार. रात्री १० ला नेहमीचे २२ युनिट टोचून घेतले. ११ ला मित्राचा मेसेज, "उद्या सिंहगड? ५ ला निघू." आता काय करणार? ते २२ युनिट खुर्चीत बसणाऱ्या रविवारचा हिशेब धरून घेतलेले. परत काढता येत नाहीत. उपाय एकच, जास्त खा. म्हणजे व्यायाम करायचा म्हणून आधी भरपूर खायचं, मग ते जिरवण्यासाठी व्यायाम करायचा. सकाळी पोहे खाल्ले, त्यांच्यासाठीचा डोस निम्मा केला आणि आतकरवाडीतून निघालो. अर्ध्या वाटेत पाय कापसाचे झाले. मोजली तर साखर ५४. ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या, एका मावशींकडून लागोपाठ दोन लिंबू सरबतं घेतली, अर्धा तास दगडावर बसलो. मित्र बिचारे माझ्यासोबत बसले. वर पोचून फोटोबिटो काढले. सगळं ठीक वाटलं.

खरा प्रसंग त्या रात्री झाला. दमणूक झाली की स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातून साखर ओढत राहतात, रिकामी गोदामं भरून घेतात. पहाटे अडीचला बायकोला जाग आली ती माझ्या अंगावरच्या घामाने. हाका मारतेय तर मी काहीतरी असंबद्ध बोलतोय. साखर ४८. साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने तिने पाजलं आणि उजाडेपर्यंत उशाशी बसून राहिली. मला यातलं जवळपास काही आठवत नाही. तिला सगळं आठवतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. पाटी वाचली तर पदव्या मोठ्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमचा तीन महिन्यांचा रिपोर्ट तर छान आहे. एवढी दगदग करता कशाला? घराजवळ चाला की थोडं." मी पंपाचं विचारलं. "तुम्हाला कशाला पंप? तो ज्यांचं कंट्रोल होत नाही त्यांच्यासाठी."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. एकीकडे भिंतीवर पोस्टर, ‘व्यायाम करा, निरोगी राहा’. दुसरीकडे व्यायाम करणाऱ्याला सल्ला, ‘दगदग करू नका’. औषध माणसाच्या आयुष्याला जुळत नसेल तर आयुष्य कापून औषधाच्या मापाचं करायचं! शिंप्याने पँट आखूड शिवली म्हणून कोणी पाय कापून घेतो का?

आणि "कंट्रोल होत नाही त्यांच्यासाठी" या धोरणाचा अर्थ नीट बघा. अर्थ असा की आधी नापास व्हा, मग पुस्तक देतो. हे फक्त आपल्याकडे चालतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २००८ च्या सरकारी मार्गदर्शनानुसार प्रौढांना पंप मिळायचा तो इंजेक्शनं नीट घेऊनही तीन महिन्यांची सरासरी ८.५ टक्क्यांवर राहिली, किंवा साखर वारंवार धोकादायक पडून जगणं मुश्किल झालं तरच. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सेन्सरशी जोडलेल्या स्वयंचलित पंपांसाठी दार बरंच उघडलं. मुलांना तर आकड्याची अटही ठेवली नाही. म्हणजे त्यांचा विचार बदलला. आपला कधी बदलणार?

सरासरीच्या रिपोर्टबद्दलही बोलायला हवं. सकाळी ४८ आणि दुपारी २६० असली तरी सरासरी देखणीच येते. आम्ही आयटीवाले ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ दाखवून क्लायंटला गंडवतो, तसा हा प्रकार. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. फार मोठी गोष्ट. पण त्याच चाचणीत काटेकोर राहणाऱ्या गटात साखर गंभीर पातळीला पडण्याचं प्रमाण तिपटीच्या आसपास होतं. ही किंमत घरात बसणाऱ्यापेक्षा डोंगरावर जाणाऱ्याला जास्त महाग पडते. रिपोर्ट ‘छान’ म्हणताना ती कोणी मोजतच नाही.

तर शेवटी दुसऱ्या डॉक्टर शोधल्या आणि पंप लावला. जुन्या पेजरएवढी डबी, तिच्यात इन्सुलिनची छोटी टाकी, एक बारीक नळी, आणि पोटाच्या कातडीखाली सुईच्या जाडीची मऊ प्लास्टिकची नळी, जी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची. ही कल्पना जुनीच आहे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर वाहायच्या सॅकएवढा होता. (म्हणजे पहिला पंप ट्रेकरच्याच मापाचा निघाला!) १९७८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या पिकअप, कीन वगैरे मंडळींनी कातडीखाली सतत इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आजचे पंप त्याच वाटेवरचे.

यात संथ इन्सुलिन नसतंच. जलद इन्सुलिनच थेंबाथेंबाने दिवसभर सोडलं जातं, तोच पाया. रोलबॅक यातही नाही. अंगात गेलेलं परत येत नाही. पण बॅच अगदी छोटी, आणि तिचं काम चारेक तासांत संपतं. म्हणून पुढचं कमी-जास्त करणं आपल्या हातात राहतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक जर्नलात टाइप १ आणि व्यायाम यावर तज्ज्ञांचं एकमताचं निवेदन आलं. त्यात पंपवाल्यांसाठी सल्ला आहे, की दीर्घ व्यायामाच्या साधारण ९० मिनिटं आधीपासून बेसल ५० ते ८० टक्क्यांनी कमी करा, आणि दुपारी-संध्याकाळी दमणूक झाली असेल तर रात्री २० टक्क्यांच्या आसपास कमी ठेवा. संथ इन्सुलिनच्या पेनने हे कसं करणार? रात्री ११ ला मेसेज आला तर करताच येत नाही. माझ्या पंपात आता तीन साचे आहेत, हापिसचा, ट्रेकचा, आणि ट्रेकनंतरच्या रात्रीचा. (माझे आकडे मुद्दाम देत नाही. कोणाचेही आकडे उचलून लावू नका, आपल्या डॉक्टरांसोबत बसून काढा.) शिवाय मिसळ! तर्रीतल्या तेलामुळे पावाची साखर रेंगाळत चढते. पेनचा डोस आधी येऊन साखर पाडतो आणि गरज असते तेव्हा संपलेला असतो. पंपात तो डोस दोन-तीन तासांवर पसरवता येतो. हा शोध लागला त्या दिवशी मी अक्षरशः नाचलो होतो :-)

इथवर वाचून कोणाला वाटेल की गडी कंपनीचा एजंट झालाय. तर आता दुसऱ्या बाजूची धुलाई.

"एकदा लावा आणि विसरून जा," असं सांगणारे विक्रेते डोक्यात जातात. साफ खोटं आहे. पहिले दोन महिने मी पेनवर होतो त्याच्या दुप्पट वेळा साखरेचा विचार करत होतो. कधी रात्रीचं जेवण टाळून, कधी सकाळचा नाश्ता टाळून, दर तासाला आकडे लिहून बेसल तपासायचं. पहाटेचा आकडा हलवला की दुपारचा बिघडायचा. अगदी लेगसी कोडसारखं. आणि पंपाचा स्वतःचा एक धोका आहे, जो पेनला नाही. अंगात संथ इन्सुलिनचा साठाच नसल्यामुळे नळी निसटली की काही तासांतच इन्सुलिन शून्यावर. गेल्या जुलैत राजगडावर घाम आणि पाऊस यांनी चिकटपट्टी कधी सुटली ते कळलंच नाही. सेन्सरचा गजर रेनकोटच्या आत, पावसाच्या आवाजात बुडालेला. पद्मावती माचीवर मळमळायला लागलं तेव्हा बघितलं. साखर ३१०, कीटोन वाढलेले. आणखी काही तास दुर्लक्ष झालं असतं तर रक्त आम्लधर्मी होऊन थेट आयसीयूत, म्हणजे आत्याच्या अर्थाने मशीनवर. वाचलो ते सॅकमध्ये जुनं पेन होतं म्हणून. आजही असतं. पंप असलेला शहाणा माणूस पेन फेकून देत नाही.

सेन्सरशी बोलणारे नवे पंप बेसल स्वतः कमी-जास्त करतात आणि रात्रीची झोप खरोखर सुधारते. पण पुढच्या तासाला तुम्ही चढ चढणार आहात हे त्यांनाही आधी सांगावंच लागतं. आणि जेवणात काय आहे हे अजून तुम्हीच सांगायचं.

म्हणूनच ब्रिटनमधल्या ‘रीपोझ’ चाचणीचा निष्कर्ष (२०१७) मला पटतो. तिथे दोन्ही गटांना, पेनच्या आणि पंपाच्या, एकसारखं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, आणि सरासरी साखरेत पंपाने पडलेला जादा फरक किरकोळ निघाला. पंपाचे विरोधक हे फडकावतात. पण तो निकाल पूर्ण वाचला तर खरा झटका आपल्या व्यवस्थेला आहे. फायदा प्रशिक्षणाचा मोठा होता, आणि ते प्रशिक्षण आपल्याकडे किती जणांना मिळतं? मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं असतात, साबुदाण्याची खिचडी बशीभर भाताहून भारी पडू शकते, हे मला पहिल्या पाच वर्षांत एकाही दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं. ‘भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद’ एवढाच कागद मिळायचा. आयसीएमआरने २०२२ मध्ये टाइप १ साठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगलं झालं. आता ती दवाखान्याच्या टेबलापर्यंत यायला हवीत.

आणि पेनवर भारी काम करणारे आहेतच, ते नाकारत नाही. वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाइप १ निघाला, त्यानंतर तो २००३ चा वर्ल्ड कप खेळला आणि त्यातच वनडेत ५०० विकेट पूर्ण केल्या. टेनिसवाला अलेक्झांडर झ्वेरेव्ह चौथ्या वर्षापासून टाइप १ सोबत आहे आणि त्याच्याकडे टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण आहे. पण त्याचा पुढचा किस्सा ऐका. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला सांगण्यात आलं की कोर्टवर सर्वांसमोर इंजेक्शन घेऊ नकोस, विचित्र दिसतं. ते त्याने स्वतःच पत्रकारांना सांगितलं. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी एकाला जगण्याचं औषध लपून घे म्हणतात, तर आत्याने आवाज खाली आणला यात नवल काय? आणि मीसुद्धा पहिले तीन महिने ढगळ शर्ट घालून हिंडलोच की. आपण लपवतो म्हणून लोकांना ते भयंकर वाटतं, आणि लोकांना भयंकर वाटतं म्हणून आपण लपवतो. हा लूप कोणीतरी तोडायला हवा.

राहता राहिला पैसा, आणि तो खरा अडसर. पंपाची किंमत लाखांत. त्यावर नळ्या, टाक्या, सेन्सर धरून माझे महिन्याला वीसेक हजार जातात. मला झेपतं, कारण आयटीतला पगार आहे आणि मूल अजून शाळेत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांना "पंप घ्या" म्हणणं हा आगाऊपणा ठरेल. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन आणि पट्ट्या नियमित मिळणं ही पहिली लढाई आहे, तिच्या आधी माझी लढाई येत नाही, हे मला कळतं.

पण तुमच्या-माझ्या हापिसचं काय? आपल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये बाहेरून लावायची उपकरणं वगळलेली असतात. मी क्लेम केला, एका ओळीत नाकारला गेला. म्हणजे हिशेब असा, की साखर पडून बेशुद्ध झालो, आयसीयूत चार दिवस काढले, तर कंपनी लाखभर रुपये आनंदाने देईल. ती वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या नळीचे पैसे मात्र देणार नाही. आग लागल्यावर बंब मिळेल, पाण्याची बादली आपली आपण आणा!

यात एक गोष्ट आपल्याला करता येते. कंपनीची ग्रुप पॉलिसी दगडावरची रेघ नसते. दरवर्षी नूतनीकरणाला एचआर आणि विमा कंपनी वाटाघाटी करतात, आणि त्यात जादा कलमं घालता येतात. कोणी मागितलंच नाही तर कोण घालणार? मी मागच्या वेळी मेल टाकला, उत्तर आलं, "अशी मागणी यापूर्वी आलेली नाही." खरं असेल. आम्ही सगळे ढगळ शर्ट घालून बसलो होतो ना. यंदा मी पुन्हा टाकणार आहे, आणि सह्या गोळा करून टाकणार आहे. तुम्हाला डायबेटिस नसला तरी तुमच्या हापिसात हा मेल टाका. तुमच्या मजल्यावर कोणीतरी नक्की आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही.

असो. फार लांबलं. उद्या रविवार, ५ ला सिंहगडाला निघायचंय. साडेतीनचा गजर लावलाय, बेसल कमी करून पुन्हा झोपायचं. आणि पुढच्या आठवड्यात त्याच चुलतबहिणीचं लग्न आहे. शर्ट आत खोचून, पंप पट्ट्याला बाहेर लावून जाणार आहे. आत्याने विचारलं तर तिला बाजूला बसवून सगळी बटणं दाखवीन. मोबाईल तिने तीन दिवसांत शिकून घेतला होता, हे काय अवघड आहे?